खलाशी

सर्वेक्षण खात्यात काठी धरणाऱ्याला खलाशी म्हणतात.
एकतीस वर्षं मी खलाशी होतो, नागपुरात,
आणि समुद्र पाहिला नाही.

माझं काम उभं राहणं.
लाल-काळ्या आकड्यांची चार मीटरची काठी
सरळ धरायची, श्वाससुद्धा बेतानं,
मे महिन्यात डांबर चपलेला सोडायचं नाही
आणि लांबून, तिपाईमागून, निनावे साहेब ओरडायचे:
"हाललास, नंदनवार! अख्खं शहर दोन सूत हाललं."

उंची कशापासून तरी मोजावी लागते,
एवढंच तत्त्वज्ञान नोकरीनं दिलं.
आमची समुद्रापासून. तो शेकडो कोस लांब,
भरतीला वर, ओहोटीला खाली;
कुणीतरी त्याची सरासरी काढली
आणि म्हणालं, हे शून्य.
तेव्हा मनात आलं नाही
की चढ मोजणारा शून्य कुठे ठेवतो
हे आधी त्याच्या पायांकडे बघून ठरवावं.

निवृत्तीच्या समारंभात पाहुणे म्हणाले,
माणूस गुहेतून निघाला आणि मेट्रोत बसला.
टाळ्या पडल्या.
मी हाराखाली मान खाजवत विचार करत होतो:
आम्ही एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत गेलो
की त्याच वाटेनं उलटे मोजत यायचो.
येताना आकडा जुळला नाही
तर दिवसाचं काम रद्द.
इतिहासात
उलटं मोजत कोण आलं?

परवा पुलाच्या कंपनीतला एक पोरगा आला,
आकाशाला उंची विचारणारं यंत्र घेऊन.
काका, जुन्या वहीत एक खूण आहे,
इंदोऱ्यात, विहिरीच्या कठड्यावर, छिन्नीनं कोरलेला बाण.
गेलो. विहीर बुजलेली.
डांबरावर डांबर, त्यावर सिमेंट,
दर निवडणुकीला वीतभर वाढलेला रस्ता.

कौतिकाबाई रामटेके दारात तांदूळ निवडत होत्या.
दारात, म्हणजे रस्त्यावरून एक पायरी उतरून.
"दोन पायऱ्या चढून आली होती मी या घरात, नवरी.
घर कुठीच गेलं नाही, बाप्पा. रस्ताच वर गेला."
मागच्या सप्टेंबरात नाल्याचं पाणी
गॅसच्या शेगडीपर्यंत चढलं होतं;
भिंतीवर त्याची रेघ होती,
कुठल्याही वहीत नसलेली.

मी बोलून गेलो: जुनं बरं होतं, बाई.

त्यांनी एक खडा उचलून बाजूला ठेवला.
"कोनासाठी?
माह्या बापाले गावच्या विहिरीवर
ओंजळ धरून उभं राहा लागे, कोनी वरून ओतीन तवा.
हे विहीर आमच्या लोकायनं खोदली. रातच्याले, मिलची पाळी सुटल्यावर.
कोनी दिली नाही. काळानं बी नाही दिली.
अन् बुजवली तवा म्हने, विकास."

बाण?
"होता ना. पोट्टे त्याच्यावर चिंचोके फोडत."

मी गप्प राहिलो.
समारंभातल्या त्या पाहुण्याला मी मनात खोडत आलो होतो,
आता मलाही खोडावं लागत होतं.
लोक चढले होते. खरंच चढले होते,
आपल्या पायांनी, कुदळीनं, रात्री.
पाटी मात्र रस्त्याच्या नावाची लागली,
आणि रस्त्यानं सांगितलं, मीच नेलं यांना वर,
मी असाच जातो, वर, कुणी चालो न चालो.

यंत्राला तेवढ्यात आकाशातून आकडा मिळाला.
खुणेची गरज उरली नाही.
थँक्यू काका, म्हणत पोरगा गाडीला किक मारून गेला.
मी पायरी उतरून त्या दारात उभा,
हातात नसलेली काठी सरळ धरून.

"काय मोजून रायले?"
मला सांगता येईना.

रस्त्यावरून सळ्यांचा ट्रक गेला,
त्याची चाकं माझ्या गुडघ्यांच्या बरोबरीनं.
मांडणीवरची भांडी वाजली, तांदूळ सुपात सरकले.
मी हाललो.

कुणी ओरडलं नाही.